पोळ्याला ट्रॅक्टर मी काढणार

२६ जुलै, शनि.
सकाळी सिंधूताईच्या तुकड्यात फणपाळी घालून ढेकळं फोडून दिली. रांगड्या कांद्याचं रोप टाकायचंय तिला. ती बांधावर उभी राहून सारखी, "सावकाश गं लता, सावकाश." जमीन तिची, ट्रॅ. आमचा, घाम दोघींना.
नंतर लिंबाखाली चहा. नवरा गेल्यापासून बाई एकटीच शेती करते. मागच्या साली लागवडीआधी वावर भुसभुशीत करणाऱ्या रोटरचा नंबर लागेस्तोवर तिचं रोप थोराड होऊन गेलं होतं. निम्मं उपटून बांधावर टाकलं आणि उरलेलं लावलं तर कांदा लिंबाएवढा. त्याबद्दल बोलली नाही. पण बी फोकताना दोनदा विचारलं, "औंदा नंबर कधी यील गं?"
मला कसं माहीत? नंबर पारावर ठरतो. पारावर बाई चढत नाही.

२७ जुलै, रवि.
कालपासून तेच डोक्यात. रोटर सहा घरांनी मिळून घेतलेला, त्यात आमचं एक. पोळ्याची मिरवणूक मारुतीला जाऊन आली की ज्यांचे ट्रॅ. मिरवणुकीत, ते पारावर बसणार आणि पुढच्या हंगामाचे रोटरचे नंबर तिथंच लावणार. आमच्याकडून हे बसतात. बसून काय करतात, तर तंबाखू मळतात आणि म्हणतात, "जे ठरंल ते आपल्याला चालंल." चालंल म्हणणाऱ्याचा नंबर कायम शेवटचा. आणि माझ्या ट्रॅ.च्या भरवशावर सिंधूताई आणि आणखी तिघी. शेवटाच्याही मागे उभ्या.
रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, "यंदा पोळ्याला ट्रॅक्टर मी काढते."
घास तसाच हातात. "का? मी मेलो का?"
"वर्षभर कोण चालवतं?"
"तू."
"मग?"
"मग काय मग? पोळा हाय तो."
हे कंपनीत शिफ्टला. वर्षातून एकदा ट्रॅ.वर बसतात ते पोळ्याला, फेटा बांधून. आणि गाव म्हणतं, शिवाजीचा ट्रॅक्टर आला.

२९ जुलै, मंगळ.
नागपंचमी. आज जमिनीला लोखंड लावायचं नाही, ट्रॅ. गोठ्यात. झोक्यावर सगळ्या जमल्या होत्या. माझीच थट्टा. "लताड्रायव्हर, आम्हाला एक फेरी मार की." एकीनं टोमणा मारलाच, "नवऱ्याला कंपनीत धाडलं न् गाडी बळकावली बाईनं." मी पण हसले. काय करणार, दात तर दाखवायलाच लागतात.
शिकले तेव्हाचं आठवलं. भाड्याचा ड्रायव्हर आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि टोमॅटोचं वावर तणानं भरलं. रागारागात मीच बसले. पहिल्याच दिवशी थेट कडब्याच्या गंजीत. सासूबाई दारातून ओरडल्या, "गंज राहू दे, ब्रेक कुठं हाय ते बघ!"
८ मार्चला ह्याच आम्ही सगळ्या शाळेच्या पटांगणात महिला दिन म्हणून संगीत खुर्ची खेळलो होतो. खुर्ची मिळते, पण गाणं परत सुरू झालं की उठायचं.

९ ऑगस्ट, शनि.
राखी. भाऊ येवल्याहून आला. त्याच्या घरी पैठणीचा माग. तो म्हणाला, आता वहिनी मागावर बसते, पदरावरचे मोर ती त्याच्यापेक्षा नीट उठवते. म्हटलं, मग गिऱ्हाइकाला सांगतोस का, हे हिनं विणलं म्हणून? डोकं खाजवत बसला. "ताई, गिऱ्हाईक इचारतं कारागीर कोन, तर माझ्या तोंडातून आपसूकच 'मी' निघतं."
खोटं बोलला नाही हे बरं. त्याला जास्तीची पुरणपोळी वाढली. नंतर वाटलं, उगाच वाढली.

१५ ऑगस्ट, शुक्र.
झेंडावंदनानंतर ग्रामसभा. रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. उभी राहिले. "रोटर सहा घरांचा आहे. आमच्या घरातून ट्रॅक्टर मी चालवते. तर पोळ्याला मिरवणुकीत मी यावं आणि नंबर ठरताना मी बसावं, अशी परवानगी द्यावी."
मग सगळे दगूआण्णांकडे बघायला लागले. गावात बैलजोडीचा पहिला मान त्यांचा, आणि पारावर शेवटचा शब्दही त्यांचाच. आण्णांनी टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "तशी प्रथा नाय, सूनबाई. पन विचार करू."
तेवढ्यात एक मेंबर उठले. म्हणे, आपल्या गावची बाई ट्रॅक्टर चालवते ही केवढी अभिमानाची गोष्ट! इतिहासातल्या एकूणएक थोर बायकांची नावं एका दमात घेतली. मला पुढे बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या, फोटो. मी शाल सांभाळतेय तोवर सभा पुढच्या विषयावर गेली. गटाराच्या.
घरी आले. विचारलं काय, मिळालं काय. नारळाची चटणी केली.
पिंकीचा फोन. कॉलेजसाठी गंगापूर रोडला होस्टेलवर असते, पण गावातलं तिला माझ्याआधी कळतं. "आई, शालीतला फोटो स्टेटसला ठेवलाय!" म्हटलं, काढ आधी.

१६ ऑगस्ट, शनि.
सासूबाई कालपासून गप्प होत्या. आज शेंगा फोडताना फुटल्या.
"इचारलंस कशापायी?"
"परवानगी नको का आई?"
"इचारलं की नाय म्हनत्यात. नाय म्हनायलाच बसल्यात ते. मी मोट हाकली तवा कुनाला इचारलं व्हतं?"
पंचवीस वर्षं एका चुलीवर जेवतोय, आणि ही गोष्ट मला आज कळली! दुष्काळाचं साल, मामंजी पाय मोडून पडलेले, वावरात उसनं आणलेलं बियाणं पेरलेलं. सासूबाई तेव्हा पिंकीच्या वयाच्या. झुंजूमुंजू व्हायच्या आत मामंजींचा पटका डोक्याला गुंडाळून विहिरीवर जायच्या आणि बैल हाकायच्या. लांबून कुणी पाहिलं तरी वाटावं, गडीमाणूस आहे. उजाडलं की पटका सोडून भाकरीला बसायच्या.
"लोक मोटंवर गानी म्हनायचे. मला लय यायची. पन म्हटली नाय कधी. आवाज वळखला असता."
पाणी पाजलं ते पीक उभं राहिलं. गावानं मामंजींचं कौतुक केलं, मोडक्या पायानं मोट हाकली म्हणून. मामंजींनीही ते ऐकून घेतलं.
"राग नाही आला, आई?"
"पीक आलं ना." शेंगा फोडत राहिल्या. मग हळूच, "आला व्हता."
मला इतकं भरून आलं की उठून पाणी प्यायले. ह्या बाईला कुणी शाल दिली नाही, आणि मला कशाची दिली तर गप्प बसवायची.

१८ ऑगस्ट, सोम.
भांडण. हे कंपनीतून आले ते बूट आपटतच. स्टँडवर कुणीतरी म्हणालं होतं, "शिवाजी, बायको मिरवणुकीत म्हंजे तू घरी पुरन वाटनार का?" सगळे हसले म्हणे.
"माझी काय इज्जत हाय का नाय?"
मी म्हटलं, "पुरण वाटल्यानं जात असली तर माझी कधीच गेली."
बोलायला नको होतं असं वाटलं, पण खोटं कुठं होतं? ते न जेवता झोपले. मीही जेवले नाही. सासूबाई मात्र दोन भाकरी खाऊन झोपल्या. त्यांचं बरं आहे.
मला खरंच वाईट वाटतंय. माणूस वाईट नाही. ट्रॅ. शिकताना मागे पळत पळत क्लच, क्लच ओरडणारे हेच होते. आपल्या घरात हो म्हणतात, चार माणसांत नाही म्हणतात. त्या चार माणसांत काय आहे एवढं?

२० ऑगस्ट, बुध.
सिंधूताईचं रोप बघून आले. दाट उगवलंय, पोपटी. हात फिरवावा वाटतो. ती म्हणाली, "माझ्यापायी घरात भांडान नको गं. सवय हाय मला शेवटच्या नंबरची."
सवय म्हणाली तेच लागलं. वाटेत ट्रॅ. थांबवून रडले. मग मागून दूधवाल्याचा हॉर्न, म्हणून पुढे घेतला. रडायलाही रस्ता रुंद पाहिजे.
सकाळी हे बूट घालताना खाली बघत म्हणाले, "उद्या-परवा सुट्टी टाकलीय. ट्रॅक्टर धुवायला लागंल. तुला एकटीला व्हनार नाय." एवढंच. सासूबाईंनी काही सांगितलं की स्वतःच वळले, माहीत नाही. विचारलं नाही. शिकले एकदा, विचारायचं नाही.

२१ ऑगस्ट, गुरु.
खांदेमळणी. पूर्वी आज बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे. आता दारात बैल नाही, ट्रॅ. आहे. सासूबाईंनी बॉनेटलाच हळद-तूप चोळलं आणि कानात सांगतात तसं हेडलाइटपाशी वाकून म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." ह्यांनी चाकं ब्रशनं घासली, बेगडी माळा, फुगे, मागे झूल. लग्नात मी नव्हते नटले एवढा ट्रॅ. नटवला.
रात्री एक अडचण निघाली. दारातून निघताना औक्षण कोण करणार? दर साली मी करते. मी तर सीटवर. पिंकीचं प्रॅक्टिकल, ती यायची नाही. सासूबाई म्हणाल्या, मला चालत नाय. मामंजी गेल्यापासून त्यांनी तबकाला हात लावलेला नाही. शेजारणीला बोलवावं तर ती तिच्या दारात असणार.
सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. हे माळेची गाठ परत परत बांधत होते.

२२ ऑगस्ट, शुक्र. पोळा
जमेल तेवढं आजच लिहिते.
औक्षण ह्यांनी केलं. डोक्यावर टोपी, हातात तबक, चेहरा शाळेत पहिल्या दिवशी सोडलेल्या पोरासारखा. कुंकू बॉनेटला लावायच्या ऐवजी हेडलाइटच्या काचेला लावलं. ओवाळायला लागले ते उलटं. सासूबाई उंबऱ्यातून, "अरे डावीकडून नाय! उजवीकडून!" तरी उलटंच. शेवटी त्या पायरी उतरून आल्या आणि ह्यांचा हात धरून तबक फिरवलं. तीनदा. फिरवून झाल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं आणि हात झटकन मागे घेतला. हे म्हणाले, "राहू दे की आई." त्या आत गेल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं. नैवेद्याची पोळी तापल्या बॉनेटवर ठेवली तर तूप वितळून खाली. कुत्र्याचा पोळा झाला.
मिरवणुकीत पुढे बैल, उरलेत त्या थोड्या जोड्या. सगळ्यात पुढे आण्णांची. मागे ट्रॅ., त्यात आण्णांच्या घरचाही. मला पाहून ढोल एकदम मंद झाला, मग परत वाजला. कुणी तरी ओरडलं, "ए, शिवाजी कुठंय?" हे गर्दीतून चालत होते. म्हणाले, "हा काय इथं हाय." बस्स.
मग जे झालं ते मला वाटलंच नव्हतं. दारोदार बायका तबक घेऊन उभ्या असतात, बैलाच्या पायावर पाणी, कपाळाला कुंकू. पहिल्या दारातल्या बाईनं माझ्या चाकावर पाणी घातलं, वर पाहिलं, ट्रॅ.च्या पायरीवर चढली आणि कुंकू बॉनेटला नाही, माझ्या कपाळाला लावलं. पुढच्या दारातलीनं तेच. नागपंचमीला टोमणा मारणारी होती, तिनंही. काही बोलली नाही, फक्त जरा जास्तच जोरात लावलं. मारुतीपाशी पोहोचले तोवर नाकापर्यंत लाल. पुसलं नाही.
मारुतीहून परत पारावर. पाच घरचे पाच वर जाऊन बसले. मी पारापाशी ट्रॅ. लावला आणि खाली उतरायचा धीरच होईना. इंजिन चालूच. हे गर्दीत, पारावर नाही गेले. पहिल्यांदाच.
आण्णांनी नंबर लावायला सुरुवात केली. पहिला त्यांचा, दुसरा त्यांच्या भावाचा... मी सीटवरूनच बोलले, "आण्णा, आमचं घर राहिलं." कुणी ऐकलं नाही, की ऐकायचं नव्हतं. परत बोलले, जोरात. ट्रॅ.चा आवाज माझ्यापेक्षा मोठा. तिसऱ्यांदा बोलले तेव्हा आण्णांनी कानामागे हात धरला आणि वैतागून ओरडले, "आधी बंद कर ते! काय म्हनती काय ऐकू येईना!"
मी बंद केलं.
एवढी शांतता मी पारापाशी कधी ऐकली नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते, ऐकायला. पाठ केलेलं वाक्य गेलं डोक्यातून. तोंडाला आलं ते बोलले. "दर साली शेवटचा नंबर आम्हालाच. आमच्यामागं सिंधूताई हाय, अजून तिघी हायत. रोप काय नंबर बघून वाढत नाय, आण्णा. औंदा आम्हाला तिसरा द्या."
"त्या चौघी गटात नायत."
"रोटर माझ्या ट्रॅक्टरला लागनार. वावर कुनाचं मारायचं ते मी बघीन."
एक जण म्हणाला, "शिवाजी, तू बोल ना. तुझा नंबर हाय."
हे पुढे आले. तोंडात तंबाखू होती, ती आधी थुंकले. म्हणाले, "ट्रॅक्टर ती चालवती. मला तर औतसुद्धा जोडता येत नाय. तिलाच इचारा." चार माणसांत म्हणाले!
मग गलका. प्रथा, पार, बाईमाणूस, उद्या सगळ्याच येतील, वगैरे. अंधार पडायला लागला, बैल खोळंबले. आण्णा उठले. "नंबर आज नाय लागत. मग बघू." पोळ्याला नंबर लागला नाही असं पहिल्यांदाच झालं म्हणतात. त्याचं खापर माझ्यावर. फुटू दे.
परत येताना ह्यांना म्हटलं, बसा मागे. बसले. मडगार्ड घट्ट धरून.

२३ ऑगस्ट, शनि.
सकाळपासून कुणी ना कुणी दारात. काही शिव्या द्यायला, काही बघायला. दोघी जणी चक्क ट्रॅ. शिकायचाय म्हणून. त्यातली एक कालच्या औक्षणाची, नागपंचमीवाली. म्हटलं, आधी कडबा बाजूला काढू.
सिंधूताई आली नाही. घाबरली असेल. संध्याकाळी मीच जाऊन आले. रोपाला पाणी देत होती. म्हणाली, "नाय मिळाला तरी चालंल." मी म्हटलं, चालंल म्हणायचं नाही. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.
दिवस मावळताना आण्णांकडून निरोप. उद्या सकाळी परत बैठक, पारावर. ह्यांनी विचारलं, "किती वाजता येऊ?" निरोप आणणारा म्हणाला, "तुमाला नाय. आण्णा म्हनले, सूनबाईला धाडा."
हे मग म्हणाले, "जा की. मी पुरन तर नाय, पन भाजी टाकीन."
आण्णा काय ठरवून बसलेत ते कळायला मार्ग नाही. तिसरा देतील, की सगळ्यांसमोर पाणउतारा करतील. मनाची दोन्हीला तयारी ठेवलीय.
लग्न होऊन आले तेव्हापासून रोज त्या पारावरून नाही, त्याच्या बाजूनं जातेय. मान खाली, पदर पुढे. खालून तो कसा दिसतो ते डोळे मिटून सांगेन. वरून गाव कसं दिसतं, कुणास ठाऊक. उद्या बघते.